माळावर झाडं लावली की पक्षी परत येतील का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हातकणंगले तालुक्यात तुमचं चार एकर रान आहे. तीन एकर उसाखाली, उरलेलं एक एकर माळाला लागून पडीक, आणि कडेनं ओढा. लहानपणी या रानात नीलपंख, वेडे राघू, तित्तिर आणि चंडोल रोज दिसायचे. आता दिसतात ते कावळे, साळुंक्या आणि मोर. ग्रामपंचायत येत्या पावसाळ्यात गायरानावर झाडं लावणार आहे आणि तुम्हीही पडीक एकरावर पाचशे रोपं लावायचं म्हणताय. पक्षी परत यावेत म्हणून कोणती झाडं लावू, असं तुम्ही विचारलंय.

झाडांची नावं पुढे देतोच. पण तुम्ही घेतलेली चार नावं आधी पुन्हा बघा. चंडोल आणि तित्तिर जमिनीवर, गवताच्या आडोशाला घरटं करतात. वेडा राघू मातीत बीळ खोदून अंडी घालतो. नीलपंखाला घरट्यापुरती एखादी जुनी ढोली लागते, पण पोट भरायला मोकळी जमीनच लागते. या चौघांपैकी दाट झाडी कुणालाच नको आहे. एका एकरात पाचशे झाडं उभी राहिली तर पक्षी येतील, नाही असं नाही. बुलबुल येतील, शिंजीर येतील, कोकीळ येईल. पण ज्यांच्यासाठी तुम्ही हे करताय त्यांची उरलीसुरली जागाही जाईल. म्हणून खरा प्रश्न असा आहे की हे पक्षी कशामुळे गेले, आणि त्यातलं काय थांबवणं तुमच्या हातात आहे?

शेतं, संस्थांची आवारं, गावची गायरानं अशा जागांचं नियोजन करून देणं आणि तिथल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. त्या अनुभवावरून लिहितोय, पण जागा न बघता दिलेल्या सल्ल्याला मर्यादा असतेच. आपला कोल्हापूर जिल्हा एक असला तरी गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि शिरोळकडे पाचशे-सहाशे. राधानगरी, आजरा, चंदगडकडच्या कुणी हाच प्रश्न विचारला असता तर मी जुन्या मोठ्या झाडांबद्दल आणि देवरायांबद्दलच बोललो असतो, कारण तिथल्या धनेशाला ढोली असलेला जुना वृक्ष आणि आलटून पालटून फळणारे वड-उंबर लागतात. तिथेही मसाई पठारासारख्या सड्यांवर मात्र झाड लावू नका असंच म्हणालो असतो. तुमचा भाग आळत्याच्या डोंगराच्या बाजूचा, मुरमाड आणि कमी पावसाचा. इथलं मूळ रूप म्हणजे गवत, मधूनच एखादी बोर, बाभूळ, हिवर, आणि सावली फक्त ओढ्याकाठी.

तुमचं पडीक एकर नक्की काय आहे ते आधी तपासा. दोन-तीन ठिकाणी खड्डा काढा. वीतभर मातीखाली मुरूम किंवा कातळ लागला आणि वर कुसळी, पवना, मारवेल असं गवत असेल, तर तो माळ आहे. कमरेइतकी माती मिळाली, तोडलेल्या जुन्या बुंध्यांना फुटवे येत असतील, तर तिथे कधीकाळी झाडी होती आणि ती परत आणायला हरकत नाही. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की इथे जनावरं चरायला न्यायचे की सरपण तोडायला जायचे. एवढ्या एका प्रश्नानं बरंच कळतं. एकाच एकरात दोन्ही प्रकार सापडणंही शक्य आहे: ओढ्याकडचा उतार खोल मातीचा आणि वरचा भाग उघडा.

आता माळावर झाडं लावली की काय होतं ते सांगतो, कारण गायरानाच्या बाबतीत तुम्हाला ग्रामसभेत हेच पटवून द्यायचं आहे. माळटिटवी, चंडोल, डोंबारी चंडोल यांचं घरटं म्हणजे जमिनीतला एक उथळ खळगा. अंड्यांचा रंग मातीशी जुळणारा, आणि बसलेल्या पक्ष्याला चारी बाजूंनी लांबवरचं दिसतं, एवढंच त्यांचं संरक्षण. तिथे रांगेनं झाडं उभी राहिली की कावळ्याला आणि शिक्र्याला टेहळणीची जागा मिळते, आणि जमिनीवरचे पक्षी तो भाग सोडून देतात. शिवाय लागवड म्हणजे नुसतं झाड नसतं. आधी चर आणि खड्डे खणले जातात. मुरूम वर येतो, मूळचं गवत मोडतं आणि त्या भुसभुशीत मातीत घाणेरी आणि गाजरगवत शिरतं. रोपं जगावीत म्हणून कुंपण घालून चराई बंद केली जाते. चराई थांबली की गवत कमरेइतकं वाढून वाळतं, आणि फेब्रुवारीनंतर एका ठिणगीत सगळं पेटतं. रोपंही जातात, घरटीही जातात. चांगल्या मनानं केलेल्या लागवडीचा हा शेवट मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिला आहे आणि दर वेळी फार वाईट वाटतं.

मग माळाचं करायचं काय? चराई चालू ठेवा, पण सगळीकडे एकाच वेळी नको. कल्पनेनं तीन पट्टे पाडा. एका वर्षी एक पट्टा जनावरांना पूर्ण बंद, दुसऱ्यात हलकी चराई, तिसऱ्यात नेहमीची, आणि दर वर्षी पट्टे बदला. यातून आखूड, मध्यम आणि उंच असं तिन्ही उंचीचं गवत एकाच माळावर मिळतं. माळटिटवीला आखूड लागतं, तित्तिर आणि लावा उंच गवताच्या कडेला राहतात, आणि हिवाळ्यात आलेला भोवत्या हा शिकारी पक्षी रात्रीचा मुक्काम उंच गवतात जमिनीवरच करतो. वैरणीसाठी गवत कापायचं असेल तर बी पडल्यानंतर, दिवाळी उलटल्यावर कापा आणि एक पट्टा उभा ठेवा. फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत माळावर जेसीबी, नांगर, रोलर काहीही फिरू देऊ नका. जमिनीवरच्या घरट्यांचा तोच हंगाम. वणव्याची भीती असेल तर पावसाळा संपल्यावर कडेनं गवत काढून जाळपट्टा करा. मधे पेटवण्याची गरज पडत नाही.

कुत्र्यांचा मुद्दाही इथेच सांगतो. माळाच्या कडेला कोंबड्यांचे अवशेष, लग्नाकार्यातलं शिळं अन्न टाकलं जात असेल तर मोकाट कुत्री आणि कावळे तिथे ठाण मांडतात, आणि मग जमिनीवरचं एकही घरटं वाचत नाही. तुम्हाला आता कावळे आणि साळुंक्याच दिसतात, त्याचं एक कारण हेच असू शकतं. काहीही खाणाऱ्या पक्ष्यांना माणसाच्या शेजारी चांगलं दिवसमान आहे. मोरांचं थोडं वेगळं आहे. बारमाही पाणी आणि उसाचा आडोसा मिळाल्यावर कोरड्या भागातही मोर पसरतो. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पक्षी अहवालातही हेच चित्र आहे: मोर आणि कोकीळ वाढतायत, गवताळ आणि मोकळ्या जागेतले पक्षी सर्वांत जास्त घटतायत, आणि घटणाऱ्यांत आपला नीलपंखही आहे. तेव्हा तुमचं निरीक्षण फक्त तुमच्या रानापुरतं नाही.

आता उसाकडे येऊ, कारण तुमच्या चार एकरांतलं तीन एकर तेच आहे आणि शिवारातलंही बहुतेक तेच असणार. ऊस सोडा असं मी सांगणार नाही. कर्ज, पाणी, कारखाना, उसाच्या वाड्यावर (हिरव्या शेंड्यांवर) जगणारी जनावरं, हे सगळं त्या पिकाला बांधलेलं आहे. पण ऊस पक्ष्यांसाठी काय करतो ते समजून घ्या. आडसाली लागण, म्हणजे पावसाळ्यात लावलेला ऊस, सोळा-अठरा महिने रानात उभी असते. पहिले तीन-चार महिने जमीन उघडी असते तोवर धोबी, टिटवी, चंडोल, बगळे सगळे सरीत उतरतात. एकदा पाला भिडला की खाली अंधार होतो आणि मोकळ्या जागेतला पक्षी तिथून हद्दपार होतो. वटवट्या, मुनिया, भारद्वाज तेवढे राहतात. पूर्वी याच शिवारात ज्वारी, हरभरा, भुईमूग होता, म्हणजे वर्षातून दोनदा उघडी जमीन, कणसं आणि अळ्या मिळायच्या. पक्षी गेले त्यात या बदलाचा वाटा मला सर्वांत मोठा वाटतो.

यावर तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे तिन्ही एकर एकाच वयाचे ठेवू नका. एकात लागण, एकात खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस), आणि एकात फेरपालटीचं सोयाबीन आणि त्यामागून हरभरा, किंवा नुसता ताग. दर वर्षी रानातला एक तुकडा उघडा राहील. जमिनीच्या दृष्टीनंही हे चांगलं आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पैशाचं गणित मात्र प्रत्येकाचं वेगळं. एक एकर जमत नसेल तर लागणीत हरभऱ्याचं किंवा भुईमुगाचं आंतरपीक घ्या, तेही उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट पाचट, म्हणजे तोडीनंतर रानात उरणारा उसाचा वाळका पाला. तोड झाली की काडी लावायची पद्धत अजून बऱ्याच गावांत आहे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, आणि ते पेटतं तेव्हा त्याच्या आडोशाचे किडे, गांडुळं, सरडे आणि कडेच्या बांधावरचं सगळं एका तासात जातं. तोडीचा हंगाम संपत येतो तेव्हाच घरट्यांचा सुरू झालेला असतो. त्याऐवजी पाचट एका आड एका सरीत दाबा, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका. कृषी विद्यापीठाची ही जुनीच शिफारस आहे. कुजणाऱ्या पाचटाखाली किडे वाढतात आणि त्यामागे सातभाई, साळुंक्या, कोतवाल येतात. पेटवलेल्या आणि न पेटवलेल्या शेजारशेजारच्या दोन खोडव्यांत उभं राहून बघा, फरक कानांनाच कळतो.

हुमणीचं (उसाची मुळं खाणाऱ्या अळीचं) औषध हा मोठा विषय आहे, पण थोडक्यात सांगतो. फोरेटसारख्या दाणेदार विषावर आता बंदी आहे, तरी कुणाच्या तरी कोपीत जुना साठा निघतो. वरवर फेकलेले दाणे पक्षी खड्यासारखे टिपतात आणि मरतात. हुमणीसाठी वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी बोर, बाभूळ, कडुनिंबावर जमणारे भुंगेरे झाडून गोळा करणं आणि प्रकाश सापळा लावणं, हे गावानं मिळून केलं तर औषधाची गरज खूप कमी होते. नांगरट सकाळी करा. नांगरामागून बगळे, कावळे, कोतवाल अळ्या वेचतात ते तुमचंच काम करत असतात. उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या शक्यतो टाळा. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या किंवा कापशी घारीच्या तावडीत सहज सापडतो आणि विष त्यांच्यात उतरतं.

आता बांध. तुमच्या पत्रात बांधाचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त आशा तिथूनच आहे. पूर्वी आपल्याकडे ताली आणि बांध असे होते की त्यावरून बैलगाडी जावी. दर पिढीत वाटण्या झाल्या, दोन्हीकडून नांगर घुसला, आणि बांध फूटभर उरला. उरल्या तेवढ्यावर तणनाशक मारलं जातं. पाणंदींचंही तसंच: दोन्ही कडेनं शेर, निवडुंग, घायपात, बोरी यांची कुंपणं होती, रस्ता रुंद करताना ती एका दिवसात जातात. तित्तिराला दिवसा दडायला, सातभाईला घरटं करायला, खाटीक पक्ष्याला बसायला जी जागा हवी ती हीच होती. बांधावरचं गवत म्हणजे पिलांचं अन्नसुद्धा. धान्य खाणारे पक्षीही पिलांना मुख्यतः अळ्या आणि नाकतोडेच भरवतात. तणनाशकानं बांध पिवळा पडला की त्या हंगामातली पिलं उपाशी राहतात.

तुमच्या रानाचा एक बांध, शक्यतो शेजाऱ्याशी वाद नसलेला, सहा-आठ फूट रुंद करा आणि त्यावर काहीही फवारू नका. त्यावर बोर, करवंद, निर्गुडी, मधे एखादी बाभूळ असू द्या. गवत वर्षातून एकदाच कापा, तेही पाऊस संपल्यावर आणि अर्ध्या लांबीचंच; उरलेलं पुढच्या वर्षी. उसाला सावली पडेल ही भीती खरी आहे. म्हणून उंच झाड उत्तरेच्या बांधावर घ्या, दक्षिणेच्या बांधावर झुडपंच ठेवा. नव्या लागणीत बांबूला आडवी काठी बांधून दहाएक पक्षीथांबे उभे करा. कोतवाल आणि वेडे राघू पहिल्याच आठवड्यात बसतात. पाला भिडला की ते काढून दुसऱ्या उघड्या तुकड्यात न्या. माळावर मात्र पक्षीथांबा लावू नका, कारण वर सांगितलंच.

ओढा ही झाडं लावायची खरी जागा. उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज, शिंदी, निर्गुडी असं मिसळून, रांगेत न लावता, कुठे दाट कुठे विरळ ठेवा. उंबराची आणि नांद्रुकाची जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर लावली तरी रुजते. त्यावर हरियल, तांबट, हळद्या येतात. सुगरणीला पाण्यावर झुकलेली बाभूळ किंवा शिंदी हवी असते. खोल मातीच्या उतारावर पांगारा, सावर, पळस लावा; पानगळीत ते फुलतात तेव्हा भोरड्यांचे थवे येतात. सुबाभूळ, काशीद, निलगिरी, गिरिपुष्प पक्ष्यांसाठी म्हणून लावू नका. पक्षी त्यांवर बसतो, क्वचित घरटंही करतो, पण आपल्या देशी झाडांवर जितक्या अळ्या पोसतात तितक्या तिथे मिळत नाहीत. सरपणासाठी घराजवळ चार लावलीत तर बिघडत नाही.

ओढ्याचं खोलीकरण होणार असेल तर आत्ताच बोला. वेडा राघू आणि खंड्या उभ्या मातीच्या कडेत हातभर लांब बीळ खोदतात. जेसीबीनं दोन्ही काठ तिरपे घासले किंवा दगड बसवले की ती जागा संपली. गाळ काढायचाच असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत, आणि एक काठ तसाच ठेवून. आमच्याकडे तलाव सुशोभित करतानाही हेच होतं: उथळ, चिखलाची कड आणि पाणकणीस जाऊन सरळ भिंत येते, मग पाण्यात चालून खाणाऱ्या पक्ष्यांना उतरायलाच जागा उरत नाही.

वाळलेलं झाड तोडू नका. माणसांच्या, तारांच्या किंवा रस्त्याच्या अंगावर पडणारं नसेल तर जुन्या बाभळीचं, आंब्याचं वाळकं खोड उभं राहू द्या. नीलपंख, पिंगळा, पोपट, तांबट यांना ढोली तिथेच मिळते, आणि नव्या झाडात ढोली व्हायला अनेक दशकं लागतात. तुमच्या शिवारात अशी दोन-तीनच झाडं उरली असतील तर ती कुणाच्या बांधावर आहेत ते आधी बघा आणि त्या घरी जाऊन बोला. पाचशे रोपांच्या खर्चापेक्षा त्या बोलण्याचा नीलपंखाला जास्त उपयोग आहे.

अपेक्षा काय ठेवाव्यात? कोतवाल, सातभाई, वटवटे एका वर्षात वाढतील. काठ शाबूत राहिला तर वेडे राघू पुढच्याच उन्हाळ्यात बिळं करतील. तित्तिराला बांध भरायला दोन-तीन पावसाळे द्या. चंडोल गायरान वाचलं तरच, कारण तुमच्या एका एकरात त्याचं भागत नाही. नीलपंखाबद्दल खात्री देत नाही. हिवाळ्यात दिसेल, घरटं करेल की नाही ते शेजारच्या शिवारांवर अवलंबून आहे. काही बदलण्याआधीच नोंदी सुरू करा: महिन्यातून एकदा, सकाळी त्याच वेळी, त्याच वाटेनं अर्धा तास चालायचं आणि दिसलेला प्रत्येक पक्षी लिहायचा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर इतरांनाही उपयोग होईल.

ग्रामसभेत झाडं नकोत असं म्हणू नका. ते कुणी ऐकणार नाही, आणि त्यांचा हेतू चांगलाच आहे. जागा बदलून मागा. ओढ्याचे काठ, शाळेचं आवार, स्मशानभूमी, रस्त्याच्या कडा इथे तेवढीच रोपं बसतात आणि पाणी घालायलाही सोपी जागा आहे. गायरानाचं गवत म्हणजे गावातल्या जनावरांची वैरण, हा मुद्दा आधी मांडा, पक्षी नंतर. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. त्या नोंदवहीत गायरानावरचे जमिनीवर घरटी करणारे पक्षी नावानिशी लिहून घ्या. पुढे कुणी चर खणायला आलं तर दाखवायला कागद राहील.

पावसाळ्याच्या आधी करायचं म्हणाल तर तीनच कामं: पडीक एकरात खड्डे काढून माती बघणं, एक बांध फवारणीतून वगळणं, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटून लागवडीचा गट नंबर विचारणं. गायरानाचा गावनकाशा, खड्ड्यातल्या मातीचे फोटो आणि ओढ्याच्या दोन्ही काठांचे फोटो इथे टाकलेत तर कुठल्या पट्ट्यात गवत ठेवायचं आणि कुठे रोपं घ्यायची ते मी आखून देईन.